फोर्टमध्ये ॲपच्या भरवशावर पायी फेरी: ठिपका भलतीकडे, निवेदन भलत्या वेळी

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत माझी आत्या आणि तिची नात सांगलीहून आठवडाभर आमच्याकडे येणार आहेत. आत्या ७१ वर्षांची आहे. लग्नाआधीची सारी वर्षे तिने लालबागला काढली, पण नंतर तिचे मुंबईला येणे झाले ते लग्नकार्यापुरते किंवा कोणाच्या आजारपणात. एकदा दक्षिण मुंबईतला फोर्टचा भाग सावकाश पायी पाहायचा आहे, असे ती कित्येक वर्षे म्हणते आहे. माहितगाराबरोबर निघणाऱ्या गटाचा वेग तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही, म्हणून मी पैसे भरून एक ॲप घेतले. त्यात ठरलेला मार्ग नकाशावर दिसतो आणि इमारतीजवळ पोहोचलो की तिचे निवेदन आपोआप सुरू होते.

गेल्या रविवारी एकट्याने रंगीत तालीम करून पाहिली आणि फजिती झाली. दादाभाई नौरोजी मार्गावर कमानींखालून चालत असताना नकाशावरचा निळा ठिपका मला समोरच्या पदपथावर दाखवत होता. राजाबाई टॉवरचे निवेदन सुरू झाले तेव्हा टॉवर दिसतही नव्हता आणि काळा घोड्याला पोहोचलो तेव्हा ॲप पूर्ण गप्प होते. फोन खिशातून काढून पाहिला तर बॅटरी ३१ टक्क्यांवर आलेली. शिवाय निवेदन इंग्रजीत आहे, ते आत्याला कितपत कळेल याची शंका आहे.

ॲपमध्येच दोष आहे, की मी ते चुकीच्या रीतीने वापरतो आहे? आणि तिला झेपेल असा मार्ग कोणी सुचवू शकेल का?

निळा ठिपका

दोष थोडा ॲपचा, थोडा फोनच्या सेटिंगचा आणि बराचसा फोर्टच्या रचनेचा आहे. जीपीएसला मोकळे आकाश लागते. उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावर उपग्रहाचा संकेत थेट न येता भिंतींवर आपटून येतो, त्याला लागलेला जास्तीचा वेळ फोन अंतर म्हणून मोजतो आणि तुम्ही रस्त्याच्या पलीकडे आहात असे ठरवतो. तुम्ही तर कमानींच्या छताखालून चालत होता, म्हणजे आकाशाची जेमतेम एक पट्टी फोनच्या वाट्याला आली असणार.

निवेदन वेळेआधी का सुरू झाले, तेही यातूनच कळते. अशी ॲपे प्रत्येक स्थळाभोवती एक अदृश्य वर्तुळ आखतात आणि फोन त्या वर्तुळात शिरला की ध्वनिफीत सुरू होते. ठिपका पंधरा-वीस मीटर हलला तरी फोन वर्तुळात 'शिरतो', मग तुम्ही प्रत्यक्षात शेजारच्या गल्लीत का असेनात. यावर उपाय एकच, आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून निवेदन हाताने सुरू करणे. समोर इमारत दिसली की बटण दाबायचे. आत्या बाकावर बसल्या असतील तर ही सोय अधिकच बरी, कारण मग ॲप तुमच्या मागे धावत नाही.

काळा घोड्याला आलेले मौन बहुधा फोनच्या बॅटरी बचतीमुळे असावे. स्क्रीन बंद झाली की पुष्कळ फोन मागे चालू असलेली ॲपे झोपवतात. सेटिंगमध्ये जाऊन या एका ॲपला त्या बचतीतून वगळा आणि स्क्रीन बंद असतानाही त्याला लोकेशन मिळते आहे ना, ते पाहून घ्या. नकाशा आणि ध्वनिफिती आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवल्या की मोबाइल डेटा बंद ठेवूनही फेरी पूर्ण होते, कारण जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फक्त पहिल्यांदा ठिकाण पकडायला फोन जरा वेळ घेतो, तेव्हा भुयारी मेट्रोतून वर आलात तर मोकळ्यावर दोन मिनिटे थांबून मगच चालू लागा.

सासूबाईंसोबत

मी गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना हीच फेरी घडवली, त्यामुळे मार्गाविषयी थोडे सांगते. ॲपने आम्हाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरुवात करायला सांगितले होते. मी तो क्रम मोडून ओव्हल मैदानापासून सुरुवात केली आणि ते बरे झाले. एक तर तिथे आकाश मोकळे आहे. शिवाय मैदानाच्या मधल्या पायवाटेवर उभे राहिले की पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी-मनोऱ्यांच्या धाटणीच्या इमारती दिसतात आणि पश्चिमेला १९३० च्या दशकातली आर्ट डेको, म्हणजे ठळक रेषा आणि गोलाईदार सज्जे असलेल्या घरांची रांग. या दोन्ही बाजू मिळून ९४ इमारतींच्या समूहाला युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. एका जागी उभे राहून, फक्त मान वळवून दोन शैलींतला फरक दाखवता येतो आणि गुडघ्यांना काहीच त्रास होत नाही.

राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि टॉवरला आईचे नाव दिले. आराखडा लंडनचे वास्तुकार सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, ज्यांनी मुंबईत कधी पाऊलही ठेवले नव्हते. आमच्या ॲपचे निवेदनही असेच दुरून लिहिलेले वाटले. तारखा अचूक होत्या, पण टॉवरच्या वरच्या भागात पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, तिकडे पाहा असे त्यात कुठेही नव्हते. फोनचा कॅमेरा मोठा करून मी ते दाखवले, तेव्हा सासूबाई एकेकाची पगडी ओळखण्यात वीस मिनिटे रमल्या.

तिथून काळा घोडा दहा-बारा मिनिटांवर आहे. वाटेत १८७० मध्ये पूर्ण झालेले डेव्हिड ससून ग्रंथालय आणि त्याच रांगेत एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजेच पूर्वीचे वॉटसन हॉटेल, लागते. ७ जुलै १८९६ रोजी फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंचे चित्रपट मुंबईत पहिल्यांदा दाखवले गेले ते याच इमारतीत. शेवट हॉर्निमन सर्कलच्या बागेत करा. समोर एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या आहेत. त्या तीस आहेत, त्यामुळे आत्यांना त्या बागेतल्या बाकावरूनच पाहू द्या.

भाषेच्या अडचणीवर मी एक साधी युक्ती केली. ॲपमधले निवेदन आदल्या दिवशी दोनदा ऐकले, त्यातला फाफटपसारा वगळला आणि उरलेले मराठीत माझ्याच आवाजात फोनवर नोंदवून ठेवले. नऊ स्थळांच्या नऊ फिती झाल्या, प्रत्येक दोन मिनिटांच्या आतली. ऑरगॅनिक मॅप्स या नकाशाच्या ॲपवर इंटरनेटशिवाय पायी रस्ता दिसतो आणि खुणाही ठेवता येतात, तिथे एक ते नऊ अशा खुणा करून ठेवल्या. विकतचे ॲप त्या दिवशी मी उघडलेही नाही. मात्र रविवारी सकाळी साडेसातपर्यंत पोहोचा, कारण दहानंतर पदपथावर थांबून वर पाहणे कठीण होते.

ठाकुरद्वार

वरचे दोन्ही प्रतिसाद उपयोगी आहेत, पण एक तक्रार नोंदवतो. मी वापरलेल्या ॲपमध्ये हुतात्मा चौकातले निवेदन सगळे १८६४ च्या कारंज्यावर आणि त्यावरच्या फ्लोरा या रोमन पुष्पदेवीवर होते. शेजारीच मशाल धरून उभ्या असलेल्या शेतकरी-कामगाराच्या शिल्पाची बोळवण एका वाक्यात केली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चावर २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात गोळीबार झाला, हे सांगायचे नसेल तर चौकाचे नाव तरी कशाला उच्चारायचे? निवेदन ज्या पाहुण्यासाठी लिहिले आहे त्याला कारंजे पुरत असेल, पण तुमच्या आत्यांना पुरणार नाही.

आणि चर्चगेटचे गेट कुठे आहे असे त्यांनी विचारले, तर कारंज्याकडे बोट दाखवा. सेंट थॉमस कॅथीड्रल या चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा तिथे होता. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली गेली तेव्हा तोही गेला आणि नाव मात्र पश्चिमेला सरकून स्थानकाला चिकटले. तटाचा एक तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात अजून उभा आहे, पण तो या मार्गात घेऊ नका, दूर पडतो.

एक सूचना. इयरफोन एकाच कानात घाला आणि रस्ता ओलांडताना फोन खिशात ठेवा. पदपथावरची उखडलेली फरशी कोणत्याही नकाशावर दिसत नाही.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. काल फेरी झाली, म्हणून वृत्तांत लिहितो. 'सासूबाईंसोबत' यांचा मार्ग जसाच्या तसा घेतला. निवेदन हाताने सुरू केले, डेटा बंद ठेवला आणि हॉर्निमन सर्कलला पोहोचलो तेव्हा बॅटरी ६८ टक्के शिल्लक होती. मराठी फिती आत्याच्या नातीने आदल्या रात्री नोंदवल्या. दोन ठिकाणी तिचे आडनावांचे उच्चार चुकले, ते आत्याने जागेवरच दुरुस्त केले. ठिपका एकदाच भरकटला, बँकांच्या गल्लीत, पण तोवर त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते.

काळा घोड्याला मात्र फिती बंदच ठेवाव्या लागल्या. २०१७ मध्ये बसवलेला, स्वार नसलेला नवा घोडा पाहून आत्या म्हणाली की हा तो नव्हे. राजा सातव्या एडवर्डचा मूळ अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये इथून हलवला गेला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. वडिलांच्या खांद्यावर बसून त्याच्या पायाला हात लावायचा हट्ट आपण धरला होता, हे तिला आठवत होते. तो पुतळा आता राणीच्या बागेत आहे असे फितीत होतेच, तेव्हा नात लगेच म्हणाली की परवाच जाऊ. परवा बुधवार, आणि बुधवारी राणीची बाग बंद असते, हे आम्हा दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. लालबागच्या आत्याच्या आले. गुरुवारी जाणार आहोत.