पीआय पॉलिसी: करारात ₹2 कोटींची अट आहे, नेमकं काय घ्यायचं?

नकाशेवाला_दादर
आमची दोन भागीदारांची स्ट्रक्चरल कन्सल्टन्सी आहे. गोरेगावच्या एका पुनर्विकासात विकासकाने ₹2 कोटींची प्रोफेशनल इंडेम्निटी (पीआय, म्हणजे कामातल्या चुकीमुळे आपल्यावर येणाऱ्या दाव्यांचा विमा) मागितली आहे. आजवर अशी पॉलिसी घेतलेली नाही. 2019 पासून केलेली स्ट्रक्चरल ऑडिट्स त्यात येतील का? आणि काम संपल्यावर ती बंद केली तर चालेल?

विमा_सल्ला_ठाणे
बंद करू नका. ही पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ असते, म्हणजे दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षीची पॉलिसी लागते. आज दिलेल्या ड्रॉइंगमधली चूक तीन वर्षांनी स्लॅबला तडे गेल्यावर उघड झाली आणि तेव्हा पॉलिसी चालू नसेल, तर आजचा प्रीमियम वाया. फर्मच बंद करणार असाल तर ‘एक्स्टेंडेड रिपोर्टिंग पीरियड’ (पॉलिसी संपल्यावरही दावा कळवायची जादा मुदत) विकत मिळतो का ते विचारा.

2019 ची कामं रेट्रोॲक्टिव्ह डेटवर अवलंबून, म्हणजे ज्या तारखेपासूनची कामं पॉलिसीत धरली जातात तिच्यावर. पहिल्या पॉलिसीत ती बहुधा पॉलिसी सुरू होण्याचीच तारीख असते. मागची मागता येते, पण कंपनी जादा प्रीमियम आणि ‘कोणताही दावा किंवा तशी शक्यता माहीत नाही’ असं लेखी घेते. पुढे कंपनी बदललीत तर तीच जुनी तारीख नव्या पॉलिसीच्या शेड्यूलवर (तपशिलाच्या पानावर) छापून आली आहे का, हे स्वतः पाहा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

दावे_बघणारी
शेड्यूलवरचं एओए:एओवाय (एका दाव्याची मर्यादा : वर्षभराची एकूण मर्यादा) गुणोत्तरही बघा. ₹2 कोटी आणि 1:2 असेल तर एका दाव्याला ₹1 कोटीच मिळतात. विकासकाची अट दर दाव्याला ₹2 कोटींची असेल, तर 1:1 घ्यावं लागेल. वकिलाची फी सहसा याच रकमेतून जाते. ₹1 कोटीची मर्यादा, भरपाई ₹90 लाख आणि खटल्याचा खर्च ₹20 लाख, तर ₹10 लाख खिशातून. एक्सेस, म्हणजे दर दाव्यात तुम्ही स्वतः भरायचा हिस्सा, वेगळाच.

करारात ‘कोणत्याही कारणाने झालेलं सर्व नुकसान भरून देऊ’ असं असेल तर ते ‘निष्काळजीपणामुळे झालेलं’ असं बदलून घ्या. कायद्याने येणाऱ्या जबाबदारीपलीकडे करारात जे अंगावर घेता, ते आणि उशिराचा दंड पॉलिसी देत नाही. माती परीक्षण बाहेरून करून घेत असाल तर सबकन्सल्टंटचं कव्हर विचारा.

सोसायटीच्या सेक्रेटरीने बीमच्या तड्याबद्दल तुम्हाला जबाबदार धरणारं नुसतं पत्र पाठवलं, तरी लगेच कंपनीला लेखी कळवा. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नका, ‘आमच्या खर्चाने दुरुस्त करतो’ हेही लिहून देऊ नका.

नकाशेवाला_दादर
विकासक म्हणतो, पॉलिसीत सहविमाधारक म्हणून त्याचंही नाव घाला.

दावे_बघणारी
नको. एका विमाधारकाने दुसऱ्यावर केलेला दावा बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो. उद्या त्यानेच तुमच्यावर दावा केला तर तो दावाच अडकेल. त्याला हे समजावून सांगा आणि पॉलिसीचं प्रमाणपत्र द्या.