गौराला खत नको, निचरा हवा

पावसाळ्यात गौराची, म्हणजे लांब काड्यांवर फुलं येणाऱ्या या फुलझाडाची, पानं पिवळी पडली की शेणखत वाढवा असं या चर्चेत वर दोघातिघांनी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. हे झाड मूळचं टेक्सास-लुइझियानाकडचं, मोकळ्या माळावरचं, त्याला हलकी माती लागते आणि जास्त खत घातलं तर काड्या नुसत्या लांब वाढतात, मऊ पडून आडव्या होतात आणि फुलं कमीच येतात. पुण्यात जून ते सप्टेंबर कुंडी सतत ओली राहते, त्यात आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणजे पिवळेपणा बहुतेक वेळा मुळं कुजायला लागल्याचाच असतो, भुकेचा नाही.

अजून एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही ती म्हणजे गौराचं सोटमूळ. ते गाजरासारखं सरळ खोल जातं, म्हणून उथळ पसरट कुंडी नको, खोल कुंडी घ्या, आणि एकदा रुजलं की उपटून जागा बदलू नका, मूळ तुटलं की झाड सावरत नाही. मी बाल्कनीत मातीत निम्म्याच्या आसपास जाड वाळू आणि विटांचे तुकडे मिसळते, पावसात कुंडी भिंतीलगत पत्र्याखाली सरकवते, पण ऊन मिळेल अशीच. बहर ओसरला की फांद्या सरळ निम्म्यापर्यंत छाटा, घाबरू नका, नवीन फुटवे येतात आणि फुलं परत सुरू होतात. एकेक फूल जेमतेम दिवसभरच टिकतं, त्यामुळे पाकळ्या गळाल्या म्हणून औषध फवारायची गरज नाही.