मुलांच्या टबात जेली भरायची आहे. नागपूरच्या उन्हात ती टिकेल का?

वैदर्भीय
मुलीच्या सहाव्या वाढदिवसाला, मे महिन्यात, सोसायटीच्या अंगणात मुलांना जेलीत मनसोक्त लोळू द्यावे अशी आमची इच्छा आहे. फुगवायचा टब ४ फूट व्यासाचा असून त्यात ४ इंच जेली हवी आहे. किती पाकिटे लागतील, आणि ४३ अंशांच्या उन्हात ती घट्ट राहील का? जेली घट्ट करणारे जिलेटिन प्राण्यांपासून बनते, म्हणून घरातील ज्येष्ठांना ते चालत नाही, हेही कृपया लक्षात घ्यावे.

स्वयंपाकघरातून
आपल्या मापाच्या टबात सुमारे ११५ ते १२० लिटर जेली लागेल. एका पाकिटात साधारण अर्धा लिटर होते असे धरले, तरी सव्वादोनशेहून अधिक पाकिटे लागतील, आणि तेवढी साखर अंगणात ओतणे मला मुळीच पटत नाही. शिवाय जिलेटिन ३५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे नागपूरच्या उन्हात त्याचे सरबत होईल. आपण चायना ग्रास, म्हणजेच अगर वापरावे. ते समुद्री शेवाळापासून बनते, त्यामुळे ज्येष्ठांचाही प्रश्न सुटतो. ते उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळवावे लागते आणि ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान घट्ट होते. मात्र एकदा घट्ट झाले की जवळपास ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणून भर दुपारी अंगणात ते घट्ट होण्याची वाट पाहू नये, तर आदल्या रात्री घरातच परातींमध्ये ओतून कूलरसमोर ठेवावे. संपूर्ण टब अगरने भरण्याचीही गरज नाही. लिटरला ८ ते १० ग्रॅम पावडर घेऊन ३०-४० लिटर जेली करावी, तिचे मोठे तुकडे कापावेत आणि टबात थंड पाण्यासोबत सोडावेत. उकळते मिश्रण थेट टबात ओतू नये, कारण प्लास्टिक मऊ पडून शिवण उसवते.

प्रयोगशाळेतला
उन्हाळ्यात जिलेटिन वितळण्याची अडचण प्रयोगशाळांनाही आली होती. १८८० च्या दशकाच्या आरंभी जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्टर हेसे यांना त्यांच्या पत्नी फॅनी यांनी अगर सुचवले, कारण त्या घरी जेलीसाठी तेच वापरत असत. जंतू वाढवण्याच्या बशीत आजही अगर असते, पण बहुतेक जंतूंचे पोषण अगरवर नव्हे, तर त्यात मिसळलेल्या द्रव्यांवर होते. म्हणूनच साखर आणि दूध दोन्ही टाळावे, जेली रात्रभर झाकून ठेवावी आणि खेळ संपला की त्याच दिवशी फेकावी. अंगावर जखम असलेल्या मुलाला टबात उतरवू नये.

वैदर्भीय
मनःपूर्वक आभार. रंगासाठी बीटाचा रस चालेल का, आणि नंतर हे सारे टाकायचे कुठे?

स्वयंपाकघरातून
बीट चालेल, फक्त मुलांना जुने कपडे घालावेत. हळद टाळावी, तिचे डाग निघत नाहीत. उरलेले तुकडे मोरीत किंवा नाल्यात लोटू नयेत, जाळी तुंबते. बिनसाखरेचे असल्याने ते झाडांच्या बुंध्याशी मातीत मिसळता येतील. टबाभोवती फरशी असेल तर जुन्या सतरंज्या अंथराव्यात, कारण जेली माखलेले पाय फार घसरतात. पाणी उथळ असले तरी एक मोठे माणूस सतत टबाशेजारी बसलेले असावे, आणि त्याने धाकटी भावंडे तुकडे तोंडात घालत नाहीत ना, याकडेही लक्ष ठेवावे.