बारा घडांवरून पाच हजार घडांची सरासरी सांगता येते का?

केळीवाली_रावेर
बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, स्टॅटिस्टिक्स आहे, तरी अडलेय. आमच्या बागेत सुमारे पाच हजार घड आहेत, कटाई नुकतीच लागलीय. एक व्यापारी उक्ता सौदा मागतोय. म्हणतो, "घड सरासरी साडेएकोणीस किलोचा धरतो." आप्पा म्हणतात बावीसच्या खाली नाहीच. मग मी काल तोडलेले बारा घड काट्यावर टाकले. किलोत: २१, २४, १९, २६, २२, १७, २३, २५, २०, २२, १८, २७. सरासरी बरोबर २२ आली आणि आप्पांची कॉलर ताठ झाली!
पण मी ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (बागेची खरी सरासरी कुठून कुठपर्यंत असू शकते ती मर्यादा) काढायला बसले, तर नॉर्मल वक्राचं १.९६ घ्यायचं की छोट्या नमुन्यासाठीचं टी-टेबल बघायचं, इथेच गाडी अडली. आप्पांचं तर वेगळंच, "बारा घडं पाहून तुले सारा बाग समजला का वं?" म्हणे. बावीस आले तेव्हा हा प्रश्न पडला नव्हता त्यांना.

भरीतप्रेमी_मास्तर
बेटा, टी-टेबलच. सगळ्या बागेचं स्टँडर्ड डेव्हिएशन (वजनं सरासरीपासून साधारण किती लांब जातात ते, म्हणजे विचलन) तुला माहीत नाही, तेही याच बारा घडांवरून काढतेयस. गॉसेट नावाचा माणूस डब्लिनला गिनेसच्या दारूभट्टीत कामाला होता. हाताशी नमुने थोडेच असायचे, त्यातून त्याने ही वाट काढली आणि १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली.
आता हिशोब. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ११०. भागायचं अकराने, बाराने नाही. आले १०, वर्गमूळ ३.१६ किलो. हे घडाघडातलं विचलन. त्याला बाराच्या वर्गमुळाने भागलं की ०.९१. अकरा डिग्री ऑफ फ्रीडमला (घडांची संख्या वजा एक) टेबलात टी २.२०१. गुणाकार जवळपास २. म्हणजे सरासरी २० ते २४ किलो. पाच हजार घडांना लावलं तर १,००० ते १,२०० क्विंटल. दोनशे क्विंटलची फट आहे बघ, आप्पांना सांग.
दोन ठिकाणी पोरं हमखास घसरतात. २० ते २४ म्हणजे बहुतेक घड त्यात बसतात असं नाही. तुझ्याच बारांपैकी सहा बाहेर आहेत! उद्या तोडायच्या एका घडाचं वजन सांगायचं तर साधारण १५ ते २९ म्हणावं लागेल. आणि ९५ टक्के हा भरवसा रीतीचा आहे. शंभर जणांनी आपापले बारा घड तोडून हाच हिशोब केला, तर सुमारे पंचाण्णव जणांच्या मर्यादेत बागेची खरी सरासरी सापडेल. तुझी मर्यादा त्या पंचाण्णवांतली की उरलेल्या पाचांतली, हे ती बघून कळत नाही.
विचलनालाही मर्यादा असते, ती काय-स्क्वेअर नावाच्या दुसऱ्या टेबलातल्या आकड्यांनी निघते. ११० ला २१.९२ ने आणि ३.८१६ ने भाग, वर्गमूळ काढ: २.२ ते ५.४ किलो. किती रुंद आहे पाहा. बारा घडांवरून सरासरी थोडीफार कळते, चढउतार फारसा कळत नाही.

तापीकाठचा
मास्तर, गणित खरं आहे पण घड कुठले तोडले ते कोणी विचारलंच नाही. ताई, कटाईच्या पहिल्या फेरीत निघणारे घड म्हणजे आधी निसवलेली (घड आधी बाहेर पडलेली), जोमदार झाडं. त्यात ते रस्त्याच्या कडेचे असतील तर झालंच. ड्रिपच्या शेवटच्या टोकाच्या ओळी कोण मोजणार? आमच्याकडे सरकारी माणसं पीक कापणी प्रयोगाला (पिकाचं उत्पन्न मोजायला) येतात तेव्हा प्लॉट चिठ्ठीसारखा आकड्यावरून निघतो. शेतकरी दाखवील तो कोपरा नसतो घेत.
आणि वजन दांड्यासकट की दांडा सोडून?

केळीवाली_रावेर
दांड्यासकट. व्यापारीही तसंच म्हणत होता.
आणि हो दादा, रस्त्याच्या कडेचेच 🙈 ट्रॅक्टर तिथे उभा होता ना.

भरीतप्रेमी_मास्तर
तापीकाठचे बरोबर आहेत, मी आधी हेच विचारायला हवं होतं. वाकडा नमुना हजारांचा घेतला तरी वाकडाच, उलट मर्यादा अरुंद होऊन जास्त फसवते. असं कर, ओळ आणि झाड यांचे आकडे चिठ्ठीने काढून झाडांना चिंध्या बांध. घड जेव्हा कटेल तेव्हा वजन. किलोभराच्या आत अंदाज हवा तर चाळीसेक लागतील. अर्ध्या किलोच्या आत हवा तर दीडशेच्या वर, कारण फट निम्मी करायला नमुना चौपट लागतो.

केळीवाली_रावेर
सव्वा महिन्याने लिहितेय. उक्ता नाहीच दिला, आप्पा वजनावरच अडून बसले. चाळीस झाडांना आईच्या जुन्या लाल साडीच्या चिंध्या बांधल्या. दोन झाडं वाऱ्याने पडली, अडतीस घड मोजले. सरासरी २०.४, विचलन ३.६, टी २.०२६. मर्यादा १९.२ ते २१.६.
म्हणजे आप्पांचे बावीस मर्यादेच्या बाहेर आणि व्यापाऱ्याचे साडेएकोणीस आत. घरात दोन दिवस माझ्याशी कोणी नीट बोललं नाही.
काल शेवटची गाडी भरली. एकूण ४,८७० घड, ९८२ क्विंटल. भागून बघितलं: २०.१६.

तापीकाठचा
व्यापाऱ्याचा आकडा मर्यादेत होता, खरा नव्हता. घडामागे ६६० ग्रॅम गेले असते, ४,८७० घडांचे बत्तीस क्विंटल. आप्पांना तेवढं सांगा, बोलायला लागतील.

केळीवाली_रावेर
सांगितलं. "मी तेच म्हणत होतो" म्हणाले.