दुसरीची पोरं 'पस्तीस' ऐकून ५३ लिहितात, काय करू?

गावठाणातले_गुरुजी:
नमस्कार मंडळी. जि.प. शाळा, द्विशिक्षकी, माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र, दुसरीत पोरं अकरा. प्रश्न साधा आहे पण डोकं पिकलंय. अंक ओळखतात, १ ते १०० तोंडपाठ म्हणतात, अगदी परिपाठात तालासुरात म्हणतात, पण मी म्हटलं 'लिहा पस्तीस' की अकरातली पाच-सहा जण बिनधास्त ५३ लिहितात. सत्तेचाळीस सांगितलं की ७४. आणि एकोणचाळीसला तर कोणी ४९ लिहितं, कोणी ४१, एकजण नुसता माझ्याकडे बघत बसतो.

शंभर वेळा लिहून घेतलं, फळ्यावर दशक-एककाचे रकाने काढून झाले, उपयोग शून्य. म्हणजे त्या दिवशी बरोबर येतं, सोमवारी परत पहिले पाढे पंचावन्न (ते पंचावन्न पण उलटंच लिहिलं असतं तरी कळलं नसतं, दोन्ही पाचच). पुढं हातच्याची वजाबाकी सुरू करायचीय, पण संख्याच उलटी उतरवली तर हातचा कुठून घेणार. वर्कशीट सुचवू नका, ढीगभर आहेत, प्रिंटरला शाई नाही. वर्गात करता येईल असं काहीतरी सांगा, खर्च नको.

सेमीवाल्याची_आई:
गुरुजी सेम आमच्या घरी! माझा मुलगा दुसरीत सेमीला आहे, 'थर्टी फाइव्ह' म्हटलं की डोळे मिटून ३५ लिहितो आणि त्याच्या आजीनं 'पस्तीस रुपये दे' म्हटलं की विचारतो पस्तीस म्हणजे किती गं. आजी कपाळावर हात मारते. मला वाटायचं मराठी बोलत नाही म्हणून, पण तुमची पोरं तर दिवसभर मराठीच बोलतात, तरी असं होतंय म्हणजे मुलांचा दोष नाहीये, आपल्या आकड्यांच्या नावांतच काहीतरी गडबड आहे. आधी पाच म्हणायचं मग तीस, आणि लिहायचं मात्र आधी तीन. त्यांचा हात कानाच्या मागं जातो, जाणारच.

निवृत्त_बाई:
हात कानाच्या मागं जातो, अगदी बरोबर बोललीस.

गुरुजी, मी एकतीस वर्षं पहिली-दुसरीच शिकवली, मला मोठे वर्ग कधी मागावेसेच वाटले नाहीत. माझा उपाय सांगते, हसू नका. संख्येला नाव असतं आणि आडनाव असतं. पस्तीस : नाव पाच, आडनाव तीस. सत्तेचाळीस : नाव सात, आडनाव चाळीस. आपण हाक मारताना आधी नाव घेतो मग आडनाव, हो ना? पण हजेरीपटावर काय लिहितो? आधी आडनाव! पोरांना हजेरीपट उघडून दाखवायचा, स्वतःचं नाव शोधायला लावायचं, 'बघ, तुला हाक मारताना मी कशी मारते आणि इथं कसं लिहिलंय'. झालं. मग पुढं कधीही चुकलं की मी फक्त म्हणायची, 'आडनाव आधी रे', आणि पोरगं स्वतःच खोडून नीट करायचं. फळ्यापेक्षा हजेरीपट जास्त कामाला आला माझ्या.

आडनावं मात्र ऐकून ओळखायला शिकवावी लागतात, तिथं घाई करू नका. वीस-तीस-चाळीसच्या घरातली सोपी, शेवट कानाला स्वच्छ ऐकू येतो. पन्नासच्या घरात घोळ : एक्कावन्न बावन्न म्हणताना 'वन्न', त्रेपन्न चोपन्नला 'पन्न', परत पंचावन्नला 'वन्न'. साठाचं आडनाव बदलून 'सष्ट' होतं, सत्तरचं 'हत्तर'. नव्वदचं तर 'ण्णव', त्यात नव्वद दिसतच नाही. म्हणून रोज एकच घर घ्यायचं. आज हत्तरांचं घर. मी एकेक संख्या बोलते, हत्तर ऐकू आलं की टाळी, नाही आलं की गप्प. मध्येच 'त्रेसष्ट' टाकायचं, फसतात आणि खिदळतात. लिहायचं काहीच नाही. आठ-दहा दिवस पेन्सिल हातात द्यायचीच नाही या कामाला.

आणि एकोण. एकोणतीस म्हणजे घरजावई! आडनाव सांगतो तीस आणि राहतो विसाच्या घरात. हे एकदा सांगितलं की जन्मात विसरत नाहीत, कारण प्रत्येक गावात एखादा घरजावई असतोच. (असा खरा कुणी वर्गातल्या पोराचा बाप असेल तर जरा जपून, माझी एकदा फजिती झालीय.)

गावठाणातले_गुरुजी:
बाई, घरजावई 😂 उद्याच करतो. आमच्या वर्गात तसं कुणी नाही, विचार करून बघितला.

सीमेवरचा_मास्तर:
बाईंचं छान आहे पण माझा अनुभव थोडा वेगळा. जत तालुक्यात आहे, निम्मी पोरं घरी कानडी बोलतात. कानडीत पस्तीस म्हणजे 'मूवत्तैदु', मूवत्तु म्हणजे तीस, ऐदु म्हणजे पाच, जसं लिहायचं तसंच बोलायचं. ही पोरं कानडीत कधी उलटं लिहीत नाहीत आणि मराठीत लिहितात, एकच पोरगं, एकच पाटी. त्यामुळं २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं छापलं तेव्हा मला तरी त्यात काही पाप दिसलं नव्हतं. त्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, त्यांनी हेच सांगितलं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळं लहान मुलं अडकतात. पण तेव्हा जो काय दंगा झाला, विधानसभेपर्यंत गेलं, व्हॉट्सॅपवर तर विनोदांचा पूर. विनोद करणाऱ्यांतल्या किती जणांनी दुसरीला शिकवलं असेल देव जाणे.

मी वर्गात दोन्ही म्हणून घेतो. 'तीस पाच, पस्तीस. तीस सहा, छत्तीस.' आधी सोपं नाव मग खरं नाव, एका दमात. बाजारात कुणी तीस पाच म्हणणार नाही हे मलाही कळतं, पण शिडी लावून चढायला काय हरकत आहे, वर गेल्यावर काढा की शिडी.

निवृत्त_बाई:
मास्तर, शिडीला माझी ना नाही. पण माझं म्हणणं एवढंच की 'तीस पाच' म्हटल्यानं लिहिणं सुधारतं, तीस म्हणजे किती हे त्यातून कळत नाही. मी अशी पोरं बघितलीत जी ३५ बरोबर लिहितात आणि त्यातले तीन म्हणजे काय विचारलं की म्हणतात 'तीन'. म्हणून गठ्ठे.

जुन्या खराट्याचे हीर घ्या, बोटाएवढे तुकडे करा. सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या बारीक चकत्या कापल्या की फुकट रबरबँड. पण गठ्ठे तुम्ही बांधून देऊ नका!! ही चूक मी पहिली पाच-सहा वर्षं केली. रात्री बसून शंभर गठ्ठे बांधायची आणि वर्गात द्यायची, आणि पोरं काय करायची माहितीये, गठ्ठा सोडून आत दहा आहेत का मोजायची. विश्वासच नाही. त्यांनी स्वतः मोजून, स्वतः रबर चढवून बांधला की मग तो 'एक दहा' होतो. नियम एकच, सुट्यांच्या घरात नऊच पाहुणे राहू शकतात, दहावा आला की सगळ्यांना बांधायचं आणि शेजारच्या दशकाच्या घरात पाठवायचं. हातच्याची अर्धी बेरीज तिथंच होऊन जाते, आणि वजाबाकीच्या वेळी गठ्ठा सोडायचा, रबर काढलं की काड्या पसरतात, तो आवाज आणि ते पसरणं त्यांच्या लक्षात राहतं.

श्टुटगार्टची_काकू:
उशिरा आले धाग्यावर पण राहवलं नाही. गुरुजी, तुमच्या पोरांना एकटं वाटू देऊ नका, इथं जर्मनीत अख्ख्या देशाची पोरं हेच करतात! पस्तीसला जर्मनमध्ये 'फ्युन्फउंडड्रायसिश', म्हणजे शब्दशः 'पाच आणि तीस'. माझी लेक इथल्या प्राथमिक शाळेत दुसरीत होती तेव्हा वहीभर ३५ चे ५३. बाईंनी मीटिंगला बोलवून शांतपणे सांगितलं की याला आमच्याकडे शब्दच आहे, 'त्सालेनड्रेअर', आकडे फिरवणं, काळजी करू नका. आणि आमच्याकडे तर तिला दोन्ही भाषांत उलटं, मराठीतही आणि जर्मनमध्येही, त्यामुळं तिची बिचारीची सुटकाच नाही. इथंही 'वीस-एक' म्हणावं असं म्हणणारी मंडळी आहेत, लोक त्यांच्यावरही हसतात. नॉर्वेनं मात्र १९५१ मध्ये सरकारी पातळीवर बदलून टाकलं, आधी दशक मग एकक. तरी तिथं जुन्या पद्धतीनं बोलणारे अजून आहेतच म्हणे, भाषा काय जीआर काढून बदलते का.

एक कामाची गोष्ट. बरीच मुलं स्वतःची युक्ती काढतात : ऐकलेला पाच आधी लिहून टाकतात पण डावीकडं जागा सोडून, मग मागं येऊन तीन भरतात. उत्तर बरोबर येतं म्हणून मी खूश होते. इथल्या बाईंनी ते थांबवलं. कारण तीन आकडी संख्या आली की एकशे पस्तीस लिहिताना आधी १, मग उडी मारून ५, मग मागं येऊन ३, पेन्सिलची नुसती कसरत. आणि कॅल्क्युलेटरवर किंवा फोनवर नंबर दाबायचा असेल तर मागं येताच येत नाही. तुमच्या अकरातली जी बरोबर लिहितात नं, त्यांच्या हाताकडं एकदा बघा, कशी लिहितात ते.

गावठाणातले_गुरुजी:
बाप रे. काकू, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी कायम वही बघतो, हात बघतच नाही.

सेमीवाल्याची_आई:
मला एक जमलेलं सांगते, शाळेत पण होईल. जुन्या लग्नपत्रिकांची कार्डं कापली. लांब कार्डांवर १०, २०, ३० ... ९० आणि अर्ध्या मापाच्या कार्डांवर १ ते ९. पस्तीस म्हटलं की तीसचं कार्ड घ्यायचं आणि त्याच्या शून्यावर पाचचं ठेवायचं, ३५ दिसतो. गंमत अशी की तो कानानं ऐकलं म्हणून आधी पाचचं कार्ड उचलतो, उचलू दे की, पाच आधी उचला नाहीतर तीस आधी, शेवटी ३५ च होतो! चुकायला जागाच नाही. आणि वरचं कार्ड उचलून 'खाली कोण लपलंय' विचारलं की 'तीस' म्हणतो, आधी 'तीन' म्हणायचा. अर्धी कार्डं मात्र शून्य पूर्ण झाकेल अशी कापा, आकडा कार्डाच्या मधोमध आला पाहिजे, माझी पहिली खेप वाया गेली, पाच शून्याच्या बाजूला जाऊन बसला आणि ३०५ दिसायला लागलं.

सीमेवरचा_मास्तर:
कार्ड भारी. यात एक माळ जोडा, शंभर मण्यांची, दहा लाल दहा पांढरे असे. कपड्याचा चिमटा लावायचा पस्तीसवर, तीन रंग पूर्ण आणि वर पाच मणी. मग दुसऱ्याला ५३ वर लावायला सांगायचा. दोन चिमट्यांत हे एवढं अंतर दिसतं नं, मग पोरं स्वतःच म्हणतात 'हा वेगळा आहे सर'. वहीत ३५ आणि ५३ सारखेच दिसतात, माळेवर नाही दिसत. दोन पोरांनी टोकं धरायची, ओढाताण करणाऱ्याला टोक द्यायचं नाही.

गावठाणातले_गुरुजी:
सोळा दिवसांनी रिपोर्ट देतोय. सगळं नाही केलं, दोन वर्ग सांभाळून, पोषण आहाराच्या नोंदी करून जेवढं जमलं तेवढं.

हजेरीपटवाला प्रकार बॉम्ब निघाला. पोरं आता एकमेकांना वर्गात आडनाव आधी लावून हाका मारतात, ती नवीनच डोकेदुखी. खराटे दोन संपले, स्वयंपाकीण मावशी माझ्याशी बोलत नाहीयेत. माळ ओवायला एक तास गेला आणि शेवटी मोजली तर एकशे दोन मणी, परत उसवली, पण खरं सांगतो त्या मोजण्यातच निम्मा धडा झाला, कारण कुठल्या दहात जास्तीचा मणी शिरलाय ते पोरांनीच शोधलं. एका लालात अकरा, एका पांढऱ्यात अकरा.

काकूंचं ऐकून हात बघितले. पाच जण बरोबर लिहायची त्यातले तिघं उडी मारून लिहीत होते!! म्हणजे माझ्या हिशोबात हुशार असलेले तिघं. त्यांना आता कार्डांवर बसवलंय, रागावलो नाही. उलटं लिहिणाऱ्या सहांपैकी चार जण स्वतःहून थांबतात, ओठ हलवतात ('आडनाव... तीस...') आणि मग लिहितात. वेळ लागतो, पण बरोबर. एकजण साठाच्या पुढं अजून गडबडतो, सष्ट आणि हत्तर त्याला सारखेच ऐकू येतात, कान तपासायला पाठवू का असा विचार चाललाय. आणि जो नुसता बघत बसायचा तो अजून लिहीत नाही पण गठ्ठे सगळ्यात फास्ट तोच बांधतो, दुसऱ्यांचेही बांधून देतो.

आता नवीन घोटाळा. काल घरजावयांचं घर घेतलं, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, करत करत एकोणनव्वदपर्यंत आलो. पुढं नव्व्याण्णव. तर तोच न लिहिणारा, पंधरा दिवसांत पहिल्यांदा हात वर करून विचारतो, 'गुरुजी हा का नाही गेला शंभराकडं? एकोणशंभर का नाही म्हणत?' वर्ग एकदम गप्प. मी म्हटलं उद्या सांगतो.

बाई, मास्तर, कुणालाही माहीत असेल तर आज रात्रीच्या आत कळवा, पोरगं सकाळी गेटवरच उभं असणार.

निवृत्त_बाई:
कान तपासून घ्याच, टाळू नका. आणि नव्व्याण्णवचं मला एकतीस वर्षांत एकाही पोरानं विचारलं नाही हो. त्यालाच विचारा, तुला काय वाटतं म्हणून, आणि काय म्हणतो ते इथं लिहा.