मदत हवी: खाडीच्या फाट्यात चालेल अशी होडी (रविवारच्या आत सांगा)

सोलकढी
मंडळी, घाईत लिहितोय. घरामागे खाडीचा फाटा आहे, तिथे ठेवायला होडी घ्यायची आहे. एक अठरा फुटी फायबरची सेकंडहँड होडी बघितली, ९.९ एचपीच्या पेट्रोल मशीनसकट. रंग नवाकोरा आहे. मालक म्हणतो रविवारी टोकन दे, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. घ्यावी का? वर्षभर सांभाळायला काय काय लागतं? कृपया मुद्द्याचं सांगा. "होडी म्हणजे पांढरा हत्ती" हे घरी ऐकून झालंय.

खारवट
कुठली खाडी? ओहोटीला पाणी किती राहतं? बूड सपाट की व्ही? माणसं किती बसणार? रंग सोडून तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. आणि सेकंडहँड होडीचा नवा रंग ही मला तरी कौतुकाची गोष्ट वाटत नाही.

सोलकढी
कालावलची खाडी, मसुऱ्याच्या बाजूला. पाणी भरपूर असतं. बूड व्ही आहे, लाटा कापते म्हणे. माणसं चार-पाच.

अलिबागकर
बिनधास्त घ्या. व्ही बुडाला तोड नाही. आम्ही भरतीला निघतो, भरतीला परततो, मधल्या वेळात होडी नांगरावर. पाण्याची चिंता कधी केली नाही.

जुव्यावरचो
अलिबागकरांनू, तुमचा गणित हयसर लावू नका. आणि सोलकढी, पाणी भरपूर म्हणतस तां भरतीचा. पुनवेच्या नायतर अवसेच्या ओहोटीक फाट्याच्या तोंडार जावन उभो ऱ्हव, मगे कळतला. व्हीच्या बुडाची होडी थंय आडवी पडतली.

खारवट
जुव्यावरचो यांना अनुमोदन. मुंबई-अलिबागकडे मोठ्या उधाणाला, म्हणजे पुनवे-अवसेच्या सुमाराला, चार मीटरच्या आसपास चढउतार असतो, मालवणकडे साधारण दोन. म्हणजे मालवणकडे भरतीला मिळणारं पाणीच निम्मं. त्यात घरामागे किती पाणी आहे याला फारसा अर्थ नाही. फाटा मुख्य खाडीला मिळतो तिथे गाळाचा उंबरठा असतो, तिथे किती आहे ते बघा. बांबूवर वीत-वीत अंतरावर खुणा करा आणि उधाणाच्या ओहोटीला मोजा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, मोजलंत तर फसाल, तेव्हा ओहोटी तेवढी खाली जातच नाही.

आता आडवी पडण्याबद्दल. व्ही बूड चिखलात टेकलं की होडी एका कुशीवर कलते. पुढची भरती येते तेव्हा चिखल बुडाला धरून ठेवतो, होडी उठायच्या आधीच खालच्या काठावरून पाणी आत शिरतं. सकाळी बघावं तर टाकी, बॅटरी, दोर सगळं खाऱ्या पाण्यात. सपाट बुडाची होडी आहे तशी बसते आणि पाणी आलं की आहे तशी उठते.

परदेशी पापलेट
आम्ही फ्लोरिडात केप कोरलला राहतो, इथे चारशे मैलांच्या वर कालवे आहेत. घरोघरी बोट लिफ्ट. बटण दाबलं की होडी पाण्याबाहेर, बुडाला काही चिकटत नाही, ओहोटीचा प्रश्नच मिटतो. मॅनटी (समुद्रगायी) असतात तिथे मात्र अगदी हळू चालवावी लागते. तुम्हीही लिफ्टच बसवा.

तिरकस
पापलेटताई, मसुऱ्यात लाईट गेल्यावर होडी वरच राहिली तर शिडी लावून चढायचं का?

परदेशी पापलेट
हाताने फिरवायची पण मिळते. मदत करायला आले तर टिंगल.

फणसपोळी
पेट्रोल कशाला? इलेक्ट्रिक मोटर लावा, वर सोलर पॅनल. आवाज नाही, धूर नाही, पक्षी उडत नाहीत.

खारवट
शांत पाण्यात दोघांसाठी ठीक. पाच माणसं घेऊन ओहोटीच्या ओढीविरुद्ध घरी यायचं तर बॅटरी कितीची लागेल ते आधी लिहा. सोलकढी, मशीनचा शाफ्ट १५ इंची आहे की २०?

सोलकढी
ते काय असतं? मशीन यामाहाचं आहे, एका दोरीत सुरू होतं.

खारवट
शाफ्ट म्हणजे मशीनपासून खाली पंख्यापर्यंतचा दांडा. मशीन लावतात त्या मागच्या फळीची उंची मोजा. फळी १५ इंची आणि शाफ्ट २० असेल तर पंखा उगाच पाच इंच खाली लोंबतो, आणि उथळ पाण्यात तेवढ्यानेच घात होतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडाच्या साधारण पातळीत हवी. मग त्या फळीवर बोटाच्या पेराने ठकठक करा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आला तर आतलं प्लायवूड कुजलंय, वर रंग कितीही मारलेला असो. मशीन सुरू करून मागून पडणारी, मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बघा. उथळ पाण्यात चाललेलं मशीन चिखल ओढतं, त्याने पंपातली पाणी ढकलणारी रबरी चक्री (इम्पेलर) झिजते, धार बारीक होते आणि मशीन तापतं.

सांभाळायचं म्हणाल तर प्रत्येक फेरीनंतर मशीन गोड्या पाण्यावर चालवून धुवा, वर उचलून ठेवा. मशीनला लावलेले झिंकचे तुकडे झिजले की बदला, नाहीतर मीठ ॲल्युमिनियम खातं. बुडाला चिकटलेली कालवं वेळीच खरवडा, आणि अनवाणी पायाने नको.

वाळूचा किल्ला
एवढं डोकं कशाला चालवताय? जेसीबी आणा, फाट्यात चर मारा, काठाची चार झाडं काढा, छोटी जेटी होते. आमच्या ओळखीच्याने केलंय.

तिरकस
काठाची चार झाडं म्हणजे कांदळवन. २०१८ साली हायकोर्टाने तोडायला साफ मनाई केलीय. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, ते वेगळंच. होडीऐवजी वकील परवडेल का ते बघा.

वाळूचा किल्ला
कोण बघायला येतंय तिथे?

जुव्यावरचो
आमी बघतंव. आणि चर मारलंस तरी एका पावसात गाळान भरतलो.

सोलकढी
जेसीबी नको. एकच सांगा, होमस्टेच्या पाहुण्यांना फिरवायला व्ही बूड चालेल की नाही?

खारवट
होमस्टे? हे आत्ता सांगताय? घरच्यासाठी आणि पैसे घेऊन पाहुण्यांसाठी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात जा. होडीची तपासणी, नोंदणी, किती माणसं बसवायची तो आकडा, प्रत्येकाला लाईफ जॅकेट, विमा. अंतर्गत जलवाहतुकीचा कायदाही २०२१ साली नवा आलाय. होडीच्या नोंदणीचे कागद मालकाकडे आहेत का?

सोलकढी
विचारलं नाही. पाहुणे गाडीतून आले की लगेच "बोटिंग आहे का" विचारतात म्हणून हा खटाटोप.

खारवट
मग रविवारी टोकनच्या आधी कागद. आणि पावसाळ्यात प्रवासी फेऱ्या बंद असतात, २६ मे ते ३१ ऑगस्ट. तेव्हा मशीन घरात, बूच काढून होडी काठावर उपडी, वर झापाची खोप. कमाईचं गणित उरलेल्या महिन्यांवर करा.

फणसपोळी
भरतीची वेळ कशी काढतात? आजोबा तिथीवरून सांगायचे.

अलिबागकर
तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती. ॲप लागत नाही.

जुव्यावरचो
तां मुंबैचा. आमच्याकडे तासभर आधी.

अलिबागकर
पाऊणपट म्हणजे पाऊणपट, आमच्या तीन पिढ्या त्यावर चालल्यात.

तिरकस
समुद्राने तुमच्या पिढ्यांना विचारून यायचं का?

सोलकढी
भरतीवरून नंतर भांडा. आज पौर्णिमा होती, ओहोटीला बांबू घेऊन गेलो. घरामागे कमरेएवढं पाणी, पण फाट्याच्या तोंडाशी घोट्याच्या वर जेमतेम, आणि मध्ये काही वेळ नुसता काळा चिखल. फळी सोळा इंच, शाफ्ट वीसचा. मालकाला कागदांचं विचारलं तर म्हणाला "नंतर बघू". टोकन देत नाही. सपाट बुडाची नवी फायबरची होडी बांधून घ्यायची म्हटलं तर मालवण-देवगडकडे कोण चांगलं काम करतं? बारा इंचाखालचा शाफ्ट मिळतो का?

खारवट
बाराचं खूळ सोडा, १५ इंचीच घ्या, फळी त्याच मापाची बांधून घ्या. पाचजणांना सोळा फुटी पुरेल. कारागिराला आधी पाणी दाखवा, मग पैशाचं बोला.

अलिबागकर
सोलकढी, ती व्ही बुडाची अजून आहे का? मालकाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कागदाचं मी बघतो.