मार्लो म्हणजे फक्त खून झालेला नाटककार?

नाकासमोर :
काल शेक्सपियरच्या धाग्यात एका सभासदाने ठोकून दिलं की मार्लो सुरीने मेला म्हणून मोठा झाला, हेरगिरीचं वलय नसतं तर कुणी विचारलं नसतं, आणि तो शेक्सपियरची रंगीत तालीम होता, बस. तिथे उत्तर देणार होतो, पण लांबलं.

दोघेही १५६४ चे. मार्लो कँटरबरीच्या जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेला. १५८७ मध्ये त्याची एम.ए. अडली, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राणी एलिझाबेथच्या सल्लागार मंडळाने, विद्यापीठाला कळवलं की याने राणीची चाकरी चोख केली आहे, पदवी अडवू नका. हेरगिरीच्या गोष्टी रंगवणारे इथेच थांबतात. त्याच सुमारास त्याचं 'टँबरलेन' हे नाटक रंगभूमीवर आलं, ते कुणी वाचत नाही. एक मेंढपाळ राज्यांमागून राज्यं घेतो, हरलेल्या सुलतानाला पिंजऱ्यात घालून मिरवतो, आणि पहिल्या भागाच्या शेवटी त्याला शिक्षा होत नाही, तो लग्नाला निघतो! त्या काळच्या प्रेक्षकाला हे केवढं धक्कादायक असेल.

आता हिशेब करा. मार्लो ३० मे १५९३ ला गेला, वय २९. त्याच दिवशी शेक्सपियर गेला असता तर हॅम्लेट नाही, लिअर नाही, मॅकबेथ नाही. मग तालीम कुणाची कोण?

तिसरी घंटा :
तो 'एक सभासद' मीच. नाव घ्यायला लाजता कशाला?
ब्लँक व्हर्सचं, म्हणजे बिनयमकाच्या छंदाचं, श्रेय पुढे कुणीतरी मार्लोला देणारच, म्हणून आधीच सांगतो : त्याच छंदातलं 'गॉर्बोडक' नाटक १५६१ चं आहे. आणि 'गेला असता तर' हा काय युक्तिवाद झाला? गेला नाही ना! मार्लोच्या गाजलेल्या 'डॉक्टर फॉस्टस' नाटकातलं फॉस्टसचं पहिलं आणि शेवटचं स्वगत बाजूला काढा. मध्ये उरतं काय? सैतानाला आत्मा विकून २४ वर्षं मिळवायची आणि त्यात अदृश्य होऊन पोपच्या कानाखाली वाजवायची. घोडेवाला फॉस्टसचा पाय ओढतो तर पायच हातात येतो. हे अभिजात?

मुळ्ये काकू नव्हे :
तो पांचटपणा मार्लोचा नाहीच मुळी. नाट्यगृहाचा मालक हेन्स्लो याच्या हिशेबवहीत १६०२ ची नोंद आहे, बर्ड आणि रोली या दोघांना 'फॉस्टस'मध्ये भर घालण्याचे ४ पौंड दिले म्हणून. मार्लो जाऊन नऊ वर्षं झाली होती.

तिसरी घंटा :
सोयीस्कर! चांगलं ते मार्लोचं, वाईट ते भाडोत्री लेखकांचं. १६०४ ची छापील प्रत उघडा, भर घालण्याआधीची संहिता मानतात ती. पोपही तिथे आहे आणि घोडेवालाही. १६१६ च्या प्रतीत सहाशेच्या वर ओळी वाढल्या, त्या भरीच्या म्हणा हवं तर.

विंगेतला :
या प्रसंगांवर माझा जुना राग आहे, त्यामुळे विषयांतराची माफी मागणार नाही. कॉलेजात आम्ही 'फॉस्टस' मराठीत बसवलं. मी घोडेवाला होतो. प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात दिग्दर्शकाने सगळे विनोदी प्रवेश उडवले, कारण परीक्षकांना 'गंभीर' हवं असतं. प्रयोगात पोरं मोबाईल काढून बसली. शेवटच्या स्वगतापर्यंत निम्मं सभागृह रिकामं. बक्षीस? नाव काढू नका.

तिसरी घंटा :
म्हणजे तुमची भूमिका गेली म्हणून मार्लो थोर. पटलं.

विंगेतला :
तुम्ही आयुष्यात कधी स्टेजवर उभे राहिला आहात का हो? गाईड वाचून एम.ए. झालेल्यांनी नाटकावर बोलू नये.

नाकासमोर :
दोघेही जरा सबुरीने. वैयक्तिक नको.

मालवणी झील :
वैयक्तिकच सांगते. २०११ साली लेकीकडे लंडनला होते. शेक्सपियरच्या नावाच्या ग्लोब नाट्यगृहात 'फॉस्टस' उभ्याने पाहिलं, गुडघे बोलत होते तरी हलले नाही. आमच्या दशावतारात संकासूर आल्यावर जशी पोरं पुढे सरकतात, तशी ती माणसं हसायला पुढे सरकली. आणि त्याच हसणाऱ्यांसमोर शेवटी अकराचे ठोके पडले. तिथून बारापर्यंत, म्हणजे सैतान न्यायला येईपर्यंत, तो एकटा माणूस, आणि थांबा म्हटलं तरी वेळ थांबत नाही. आधी हसले नसते तर एवढे गप्प झाले असते का?
आणि घंटाभाऊ, सुरुवातीला हा फॉस्टस म्हणतो की सगळ्या जर्मनीला पितळेचा तट घालीन. पुढे चाळीस नाण्यांसाठी घोडेवाल्याला पाण्यात विरघळणारा घोडा विकतो. एवढा घसरला, हेच तर नाटक आहे!

तिसरी घंटा :
हे वाचन चांगलं आहे, तुमचं. मार्लोच्या मनात होतं याचा पुरावा नाही.

खरा इतिहास :
सगळे मूळ प्रश्न टाळताय. मार्लो मेलाच नाही. लंडनच्या प्रसिद्ध चर्चमध्ये, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत २००२ साली त्याच्या नावाची खिडकी बसवली, तिच्यावर १५९३ पुढे प्रश्नचिन्ह आहे. का बरं?

मुळ्ये काकू नव्हे :
आले! खिडकीसाठी धडपड करणाऱ्यांना प्रश्नचिन्ह हवं होतं म्हणून. मार्लो जिथे मारला गेला त्या डेटफर्डचा पंचनामा १९२५ मध्ये लेस्ली हॉट्सनने शोधून छापला. सोळा पंच, प्रेत समोर, उजव्या डोळ्यावर जखम, बिलावरून भांडण, १२ पेन्सची सुरी. मारणारा फ्रायझर महिन्याच्या आत माफी घेऊन मोकळा. सोबतचा पोली सरकारी हेर, स्केर्स नावाजलेला लबाड. पंचनाम्यात खोटं असेल तर भांडणाचं कारण. मरण खोटं कसं?

खरा इतिहास :
झोपलेल्यांना जागं करता येतं.

नाकासमोर :
बघा, परत सुरीवरच आलो ना? मार्लोचं 'एडवर्ड दुसरा' कुणी काढलंच नाही. राजा आपल्या लाडक्या गॅव्हेस्टनच्या नादात राज्य घालवतो, तोवर त्याचा वैताग येतो. पण कैदेत त्याला गटाराच्या घाणीत उभं करून ठेवतात, तेव्हा त्याच राजासाठी जीव तुटतो. शेक्सपियरचा 'रिचर्ड दुसरा' त्यानंतरचा. घंटाराव, हे वाचलंय का?

तिसरी घंटा :
नाही वाचलं. अभ्यासक्रमात नव्हतं. (विंगेतला, उड्या मारा.) वाचून कळवतो. 'तालीम' हा शब्द 'एडवर्ड'पुरता तूर्त मागे घेतो, 'फॉस्टस'पुरता नाही. तो घोडा भंगारच आहे.

विंगेतला :
भंगार तुमचं डोकं. झीलताई, ग्लोबात पाय उपटल्यावर घोडेवाला कुठल्या बाजूने पळाला, आठवतंय का? आमचा दिग्दर्शक उजवीकडून म्हणत होता.